साबुदाण्याचे मूळ

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री महाराष्ट्रातल्या असंख्य स्वयंपाकघरांत साबुदाणा धुऊन भिजत घातला जातो. दुसऱ्या दिवशी खिचडी, वडे, थालीपीठ, खीर अशा नाना रूपांत तो ताटात येतो आणि 'उपवासाचे हलके खाणे' म्हणून पोटभर खाल्ला जातो. पण हा दाणा कोणत्या झाडाला लागतो, असे विचारले तर उत्तरे तऱ्हेतऱ्हेची मिळतात. कोणी ताडासारख्या झाडाचा गर सांगते, कोणी कसले तरी बी म्हणते. साबुदाणा कसा 'तयार होतो' याविषयी किळस येईल अशी वर्णने मोबाइलवर फिरत असतात ती वेगळीच. खरे उत्तर असे की, साबुदाणा कोणत्याच झाडाला लागत नाही. मुळात तो दाणाच नाही. कसावा नावाच्या झुडपाची जाड मुळे किसून, धुऊन जे पिष्ट मिळते त्याच्या वळलेल्या आणि भाजून वाळवलेल्या त्या गोळ्या आहेत.

ही माहिती सामान्यज्ञानाच्या परीक्षेपुरती नाही. जो पदार्थ आपण मधुमेही आजीला, अशक्त बाळाला आणि तापातून उठलेल्या माणसाला 'हलका' म्हणून देतो, तो काय आहे हे ठाऊक नसेल, तर त्याचे गुण आणि तोटे दोन्ही चुकीच्या खात्यावर मांडले जातात. कसाव्याच्या बाबतीत हे जगभर घडले आहे, आणि त्याला नावांचा घोळ बराच कारणीभूत आहे.

'साबु' हा शब्द आला मलय भाषेतल्या 'सागू'वरून. न्यू गिनी आणि मोलुक्का बेटांच्या दलदलीत सागू नावाचा माड वाढतो. त्याला फुलोरा येण्याच्या बेतात असताना तो तोडतात, खोडातला गर किसून धुतात आणि पिष्ट काढतात. एका झाडातून शंभर किलोहून अधिक पिष्ट मिळू शकते. तिथल्या लोकांचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे. त्याच्या गोळ्या व्यापारातून भारतात येत. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातला हा व्यापार तुटला आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्याच्या पिष्टापासून तशाच गोळ्या बनवण्याचा उद्योग उभा राहिला. माल बदलला, नाव तेच राहिले. आज आपल्या बाजारातला साबुदाणा बहुतांशी सेलम परिसरातला असतो. १९८१ मध्ये तिथल्या उत्पादकांची सहकारी संस्थाही स्थापन झाली. आपण ज्याला सागू म्हणून खातो, त्यात सागूचा अंशही नसतो.

घोळ इथेच थांबत नाही. बंगल्यांच्या आवारात आणि हॉटेलांच्या दारात 'सायकस' नावाचे शोभेचे झाड असते. रोपवाटिकांमध्ये त्यालाही 'सागो पाम' म्हणतात. ते पामही नाही आणि सागूही नाही. त्याच्या बियांत आणि इतर भागांत सायकासिन हे यकृताला घातक द्रव्य असते. या बिया चघळून पाळीव कुत्री दगावतात, हे पशुवैद्यकांना चांगले ठाऊक आहे. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या काही खलाशांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर याच कुळातल्या एका झाडाच्या बिया खाल्ल्या आणि ते उलट्यांनी बेजार झाले. तिथले आदिवासी मात्र त्याच बिया नीट धुऊन, भिजवून, विष काढून खात आले होते. वनस्पती तीच, फरक प्रक्रियेचा. पुढे कसाव्याच्या कहाणीतही हाच धागा येतो.

स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत कसाव्याला 'युका' म्हणतात. बागेत लावायचे, तलवारीसारख्या पानांचे 'युक्का' हे झाड अगदीच वेगळे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या वनस्पतीतज्ज्ञांनी त्यालाच कसावा समजून हे नाव दिले आणि चूक कळल्यावरही ते चिकटून राहिले. आरारूट हे तर तिसऱ्याच कंदाचे पिष्ट. पण पांढरी पूड पांढऱ्या पुडीसारखीच दिसत असल्याने आरारूट म्हणून कसाव्याचे पिष्ट विकले जाणे नवे नाही. मराठी कानाला 'कसावा' म्हटले की कासव आठवते, मल्याळी माणसाला साडीचा सोनेरी काठ, म्हणजे 'कसवु' आठवतो. या दोहोंचा पिकाशी काडीचाही संबंध नाही. 'कसावा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या बोलीतून आला. आपल्याकडे टॅपिओका, साबुकंद अशी नावे आहेत. शास्त्रीय नाव मॅनिहॉट एस्क्युलेंटा, कुळ एरंडाचे.

हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्याच्या कडेचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेले आणि पुढे भारताच्या मलबार किनाऱ्यावर आणले. एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची ही चारही पिके अमेरिका खंडातली. पाचशे वर्षांपूर्वी या मातीत त्यांतले एकही नव्हते. उपवासाला 'चालणारे' आणि 'न चालणारे' ही यादी किती लवचीक असते, याचा हा सोपा पुरावा.

केरळात कसावा रुजला तो भुकेमुळे. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाल यांनी आपल्या १८८० ते १८८५ या छोट्या कारकिर्दीत प्रजेला हे पीक लावण्यास उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा बंद झाला, तेव्हा गरिबांच्या चुली याच कंदावर पेटत्या राहिल्या. 'कप्पा' आणि मासळीची आमटी हे आज तिथल्या हॉटेलांत हौसेने मागवले जाणारे ताट एके काळी तांदूळ न परवडणाऱ्यांचे जेवण होते. या पिकाचे महत्त्व ओळखून १९६३ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था स्थापन झाली.

कसाव्याला भुकेचा सोबती म्हणतात ते उगाच नाही. बी लागत नाही, खोडाचा तुकडा जमिनीत खोचला की झाड उभे राहते. निकस जमीन आणि कमी पाऊस त्याला चालतो. आठ-दहा महिन्यांत मुळे तयार होतात आणि काढायची घाई नसेल तर जमिनीतच राहू देता येतात. एकदा उपटली की मात्र दोन-तीन दिवसांत ती नासू लागतात. जगात दरवर्षी ३० कोटी टनांहून अधिक कसावा पिकतो. सर्वाधिक उत्पादन नायजेरियात होते. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या कोट्यवधी लोकांना रोजची ऊर्जा पुरवणारे हे पीक आहे.

या पिकाची दुसरी बाजू विषाची आहे. कसाव्याच्या मुळांत आणि पानांत लिनामरिन नावाचे द्रव्य असते. पेशी शाबूत असेतो ते निरुपद्रवी असते. मूळ किसले, ठेचले किंवा चावले की पेशीतलेच एक विकर त्याला भेटते आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. 'गोड' समजल्या जाणाऱ्या वाणांत ही क्षमता ताज्या मुळाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असते, 'कडू' वाणांत ती कैक पटींनी अधिक असू शकते. शेतकरी कडू वाण मुद्दाम लावतात, कारण रानडुकरे, माकडे आणि चोर त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. या विषावरचा उपायही कसावा पिकवणाऱ्या समाजांनीच शोधला. किसणे, पिळणे, अनेक दिवस पाण्यात भिजवणे, आंबवणे, उन्हात वाळवणे या क्रियांत लिनामरिनचे विघटन होते, ते पाण्यासोबत वाहून जाते आणि सायनाइड वायुरूपाने उडून जाते. रसायनशास्त्राचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या बायकांना हे अनुभवाने माहीत होते.

या प्रक्रियेला फाटा मिळाला की काय होते, हे आफ्रिकेने भोगले आहे. १९३८ मध्ये जिओव्हानी त्रोल्ली या डॉक्टरने तेव्हाच्या बेल्जियन काँगोतल्या एका आजाराचे वर्णन केले. काल चालतीफिरती असलेली बाई किंवा मूल आज उठते तो दोन्ही पाय ताठ झालेले असतात. हा ताठरपणा पुढे वाढत नाही, पण जातही नाही. स्थानिक याका भाषेत त्याला 'कोन्झो' म्हणतात, म्हणजे बांधलेले पाय. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात दुष्काळात अशा हजाराहून अधिक रुग्णांची नोंद झाली. तिथे काम करणाऱ्या हान्स रोसलिंग या स्वीडिश डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या साथीचा माग काढला. संसर्गाचा पुरावा मिळाला नाही. दुष्काळामुळे कडू कसाव्यातले विष वाढले होते, दुसरे अन्न नव्हते आणि उपाशी माणसांना मुळे नीट वाळवण्याइतका धीर धरणे शक्य नव्हते.

शरीराकडे सायनाइड निष्प्रभ करण्याची यंत्रणा आहे. गंधकाच्या मदतीने ते थायोसायनेटमध्ये बदलून लघवीवाटे टाकले जाते. हे गंधक मिळते प्रथिनांतून, म्हणजे डाळी, शेंगा, मासे, अंडी, दूध यांतून. ज्याच्या ताटात कसावा आहे पण प्रथिने नाहीत, त्याची ही ढाल तोकडी पडते. थायोसायनेट जास्त झाले आणि आहारात आयोडीन कमी असले, तर गलगंडही बळावतो. केरळातल्या माणसाने कप्प्यासोबत मासळी खाल्ली ती चवीसाठी, पण ती जोडी शरीराच्याही सोयीची ठरली.

काँगोतल्या काही गावांचा अनुभव तर नियोजनकारांनी ध्यानात ठेवावा असा आहे. किन्शासाला जाणारा पक्का रस्ता झाला, शहरात कसाव्याला मागणी वाढली आणि माल लवकर बाजारात नेण्यासाठी मुळे तीन रात्री भिजवण्याऐवजी एकच रात्र भिजवली जाऊ लागली. रस्त्यामागोमाग कोन्झो आला. रस्ता वाईट नव्हता, कसावाही वाईट नव्हता. मधल्या दोन रात्री गळाल्या होत्या. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातले हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी यावर सुचवलेला उपाय अगदी साधा आहे. कसाव्याचे पीठ पाण्याने ओले करायचे, पातळ थरात पसरायचे, उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचे आणि मग रांधायचे. काँगोतल्या ज्या गावांत बायकांनी ही पद्धत उचलली, तिथे नवे रुग्ण थांबले.

बाजारातून आलेले पीठही निर्धोक असेलच असे नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये युगांडाच्या कासेसे जिल्ह्यात कसाव्याचे पीठ खाऊन ९८ जण आजारी पडले, दोघे दगावले. पिठाच्या नमुन्यांत सायनाइडची क्षमता किलोमागे सरासरी ८८ मिलिग्रॅम निघाली. आंतरराष्ट्रीय मर्यादा १० मिलिग्रॅमची आहे.

म्हणून कसाव्यावर सरसकट शिक्का मारावा काय? मार्च २००५ मध्ये फिलिपिन्सच्या बोहोल बेटावरच्या माबिनी गावात शाळकरी मुलांनी कसाव्याचा तळलेला खाऊ खाल्ला आणि २७ मुले मरण पावली. पहिला संशय अर्थातच कसाव्यातल्या सायनाइडवर गेला. प्रयोगशाळेत सापडले ते कार्बामेट वर्गातले कीटकनाशक. डॉक्टरांच्या दृष्टीने हा फरक जीवन-मरणाचा असतो, कारण सायनाइडचा उतारा वेगळा आणि कार्बामेटचा वेगळा. कुप्रसिद्ध नाव समोर असले की खरे कारण शोधायला उशीर होतो. अन्नाच्या पिठाशेजारी कीटकनाशकाची पुडी ठेवू नये, हा त्यातला दुसरा धडा आपल्या खेड्यांनाही तितकाच लागू आहे.

असाच एक आरोप आपल्या देशातही झाला. केरळात गरीब तरुणांमध्ये स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह जडण्याचा आजार आढळे. तिथे कसावाही भरपूर खाल्ला जाई. १९७९ मध्ये मॅकमिलन आणि गीवर्गीस या संशोधकांनी दोन्हींचा संबंध जोडणारा सिद्धान्त मांडला. तो तेव्हा तर्काला धरून होता. पुढे दिसून आले, की कसावा न खाणाऱ्या भागांतही हा आजार होतो आणि कसावा खाणाऱ्या बहुसंख्यांना होत नाही. आज या आजारामागे आनुवंशिक दोषांसह अनेक कारणे मानली जातात आणि कसाव्यावरचा आरोप सिद्ध झालेला नाही. दोन गोष्टी एकाच गावात नांदतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

आता आपल्या ताटाकडे. साबुदाणा बनवताना मुळे सोलून, किसून, भरपूर पाण्यात धुऊन, गाळून पिष्ट वेगळे केले जाते आणि पुढे भाजून वाळवले जाते. या सगळ्यात विषारी द्रव्य जवळजवळ पूर्ण निघून जाते. साबुदाण्यातल्या सायनाइडची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण त्याच धुण्यात प्रथिने, जीवनसत्त्वे आणि तंतूही जातात. उरते ते निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यातून सुमारे ३५० उष्मांक मिळतात, प्रथिने मात्र एक ग्रॅमही नाहीत. खिचडीत जी थोडीफार प्रथिने असतात ती शेंगदाण्याची. 'साबुदाण्यात ताकद असते' हे म्हणणे ऊर्जेपुरते खरे आहे, पोषणाच्या बाबतीत नाही.

एका बशीत ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला, तर त्यात सुमारे ६५ ग्रॅम कर्बोदके येतात. ज्वारीच्या जवळपास दोन भाकऱ्यांत असतात तेवढी. भाकरीतले तंतू आणि प्रथिने साखर चढण्याचा वेग आवरतात, साबुदाण्यात तो लगाम नाही. त्यात दुपारी खिचडी, संध्याकाळी वडे, मधे रताळ्याचा कीस असा उपवास झाला, तर मधुमेही माणसाची साखर रोजच्या जेवणापेक्षा अधिक चढू शकते. उलट गोळ्या किंवा इन्सुलिन नेहमीसारखे घेऊन दिवसभर काहीच न खाणाऱ्यांची साखर धोकादायकरीत्या उतरते. दोन्ही तऱ्हेचे रुग्ण एकादशी, नवरात्र आणि श्रावणात सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांच्या परिचयाचे असतात. उपवास करू नका, असे सांगून प्रश्न सुटत नाही. उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवणे, साबुदाणा वाटीभरच घेणे, त्यात दाण्याचे कूट सढळ हाताने घालणे, सोबत दही किंवा ताक ठेवणे, आणि राजगिरा, वरई यांना जागा देणे हे जमण्यासारखे आहे. वरईचे व राजगिऱ्याचे पीठ मात्र ताजे दळलेले हवे. दमट हवेत बुरशी धरलेल्या पिठातून विषबाधा होते.

बाळांच्या बाबतीत चूक अधिक महागात पडते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना साबुदाण्याची पेज किंवा खीर दिली जाते. बाळ ती आवडीने पिते, पोट भरते, आई समाधानी होते. पण पोट भरलेले बाळ डाळ-भात, अंडे, भाजी कमी खाते आणि वजनाचा काटा जागचा हलत नाही. साबुदाणा बाळाला चालतच नाही असे नाही. तो दुधात शिजवून किंवा शेंगदाण्याचे बारीक कूट घालून कधीमधी द्यावा. रोजच्या घन आहाराची जागा त्याने घेऊ नये. अंगणवाडी ताई आणि आशा कार्यकर्त्या यांच्या तोंडून ही गोष्ट जितकी पोहोचेल तितकी पत्रकांतून पोहोचणार नाही.

न्याय करायचा तर साबुदाण्याची जमेची बाजूही मांडली पाहिजे. त्यात ग्लुटेन नाही, त्यामुळे गव्हाची ॲलर्जी किंवा सिलियाक आजार असलेल्यांना तो चालतो. ज्या मूत्रपिंडविकारात डॉक्टर प्रथिने आणि पोटॅशियम मोजून द्यायला सांगतात, तिथे नुसत्या पिष्टातून ऊर्जा मिळणे हा गुणच ठरतो. जो पदार्थ एका रुग्णाला टाळायला सांगतात तोच दुसऱ्याला सुचवतात, यात विसंगती नाही. अन्न सरसकट चांगले किंवा वाईट नसते, ते कोणासाठी, किती आणि कशासोबत हे पाहावे लागते.

काही शहरांच्या भाजीबाजारांत कसाव्याची ताजी मुळेही मिळतात. ती रताळ्यासारखी कच्ची चाखू नयेत. जाड साल आणि आतला पांढरा पापुद्रा काढून, लहान तुकडे करून, झाकण न ठेवता भरपूर पाण्यात शिजवावीत आणि ते पाणी फेकून द्यावे. झाडाचा पाला गुराढोरांना, शेळ्यांना ओला घालू नये.

सरकारी यंत्रणेने करण्यासारखे कामही थोडे आणि साधे आहे. साबुदाण्याच्या पाकिटावर तो कसाव्याच्या पिष्टाचा आहे हे ठळक मराठीत असावे. प्रथिनांचा आकडा तिथे वाचता येईल अशा अक्षरांत असावा. फार पांढराशुभ्र साबुदाणा विरंजक रसायनांनी केलेला नाही ना, याची तपासणी सणांच्या आधी व्हावी. रोपवाटिकांनी सायकस विकताना 'बिया विषारी' एवढे दोन शब्द पाटीवर लिहावेत. आणि विषबाधेच्या घटनेत पदार्थाचे नाव ऐकून निष्कर्ष काढण्याऐवजी नमुने जपून प्रयोगशाळेत जावेत.

कसाव्याने दुष्काळात माणसे जगवली आहेत आणि घाई झाली तिथे त्यांचे पायही बांधले आहेत. त्याचे पिष्ट आपल्याकडे दुसऱ्याच्या नावाने आले आणि पवित्र मानले गेले. या एकादशीला साबुदाणा अवश्य खावा. वाटी मात्र लहान असावी, कूट भरपूर असावे, आणि घरातल्या मुलांनी हा दाणा कोणत्या झाडाचा असे विचारले तर त्यांना त्याचे खरे मूळ सांगावे.